कितवा दिवस?

परवा रात्री भाच्याचा फोटो आला. दिल्लीच्या विमानात चढताना कॉकपिटचं दार उघडं दिसलं, म्हणून पठ्ठ्याने रांगेतूनच मोबाइल रोखला. फोटोत एका बटणाशेजारी बोटभर पिवळी पट्टी होती. तिच्याभोवती त्याने लाल गोल काढलेला आणि खाली प्रश्न : 'आत्या, यावर आयएनओपी लिहिलंय. म्हणजे बंदच ना? बंद यंत्र घेऊन उडतात हे लोक?'

'उडतात. पट्टा बांध आणि झोप,' एवढं कळवून मी फोन ठेवला. तो झोपला असेल. मला काही झोप लागली नाही, कारण तशा पट्ट्या मी २६ वर्षं स्वतःच्या हाताने लावल्या आहेत.

मी एव्हिऑनिक्सची एएमई, म्हणजे विमानांच्या देखभालीची इंजिनिअर. इंजिन, चाकं, ब्रेक ही माझी खाती नव्हेत. वायरी, संगणक, अँटेना, रडार आणि वैमानिकासमोरचे पडदे, हे माझं. मुंबईला लाइनवर होते, बहुतेक रात्रपाळीच. लाइन म्हणजे हँगर नव्हे. विमान बे वर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर येतं, माणसं उतरतात, दुसरी चढतात, आणि मधल्या ३५-४० मिनिटांत तुम्हाला काय करायचं ते करून मोकळं व्हायचं असतं. वैमानिक टेक लॉगमध्ये बिघाड लिहून जातो. त्याला आमच्यात स्नॅग म्हणतात. त्याच्यासमोर आपण काय केलं ते लिहायचं, खाली सही आणि शिक्का. तो शिक्का पडल्याशिवाय विमान हलत नाही.

आणि ३५ मिनिटांत काम होण्यासारखं नसेल, किंवा सुटा भागच स्टोअरमध्ये नसेल, तर एमईएल उघडायचं.

एमईएल म्हणजे कमीत कमी काय काय चालू असलं तर हे विमान उडू शकतं, याची यादी. विमान बनवणाऱ्याची एक मूळ यादी असते, ती त्या देशाच्या हवाई प्राधिकरणाने तपासलेली असते. तिच्यावरून प्रत्येक विमान कंपनी आपली यादी करते आणि आपल्याकडे डीजीसीए ती मंजूर करतं. कंपनीने मूळ यादीपेक्षा कडक व्हायला हरकत नाही, सैल होता येत नाही. यादीत पंखांचा उल्लेख नसतो. म्हणून पंख नसला तरी चालतो असा अर्थ कुणी काढू नये, हे मी थट्टेने लिहीत नाहीये, अशा अर्थाचं वाक्य खरोखरच प्रस्तावनेत असतं.

प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर. ए असेल तर मुदत त्या नोंदीतच लिहिलेली. बी म्हणजे ३ दिवस, सी म्हणजे १०, डी म्हणजे १२०. बिघाड सापडला तो दिवस मोजायचा नाही. मी नवीन होते तेव्हा आमच्या शिफ्टला एक मुरलेले तंत्रज्ञ होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी मला हे एका वाक्यात शिकवलं : "सी म्हणजे सुतक गं पोरी, दहा दिवस. फक्त पहिला दिवस धरायचा नाही." त्यानंतर मी कधी चुकले नाही. (आमच्या घरी बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन डी मध्ये टाकलाय. दोन दिवाळ्या झाल्या.)

अक्षराशिवाय आणखी दोन खुणा असतात, एम आणि ओ. एम असेल तर आम्ही काहीतरी करायचं : अमुक सर्किट ब्रेकर ओढा, तो कुणी चुकून आत ढकलू नये म्हणून त्याला क्लिप लावा. ओ असेल तर वैमानिकाने काहीतरी पाळायचं : अमुक उंचीच्या वर जाऊ नका, धुक्यात अमुक प्रकारचं लँडिंग करू नका. मग ती पट्टी चिकटवायची, नोंद करायची, विमान सोडायचं. कॅप्टनला पटलं नाही तर तो नाही म्हणू शकतो. म्हणणारे आहेत, आणि त्यांच्यावर मी मनातल्या मनात कितीही चरफडले असले तरी ते बरोबर होते.

तेव्हा भाच्याला उत्तर : ही पळवाट नाही. विमानात महत्त्वाची वस्तू सहसा एकटी नसते. वेगमापक, उंचीमापक, विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज, सगळं दोन-दोन, तीन-तीन. त्यातलं एक काही दिवस बंद ठेवून कसं सुरक्षित उडायचं, याचा विचार रात्री अडीच वाजता भिजलेल्या बे वर उभं राहून मी करत नाही. तो टेबलाशी बसून, वेळ घेऊन, माझ्यापेक्षा शहाण्या माणसांनी आधीच केलेला असतो. त्या पिवळ्या पट्टीला मी कधी घाबरले नाही.

घाबरले ते एकदा, आणि ते पट्टी काढल्यामुळे.

एका जुलैतली गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. विमान आत एकच गल्ली असलेलं, रोज सहा-सात फेऱ्या मारणारं. स्नॅग रेडिओ अल्टिमीटरचा. हे यंत्र विमानाच्या पोटाखालच्या अँटेनातून जमिनीकडे लहर पाठवतं आणि ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून जमीन नेमकी किती फूट खाली आहे ते सांगतं. लँडिंगला कॉकपिटमध्ये 'फिफ्टी, फॉर्टी, थर्टी' असा आवाज येतो, तो याच्या जिवावर. ऑटोपायलट आणि इंजिनांची ताकद आपोआप कमी-जास्त करणारा ऑटोथ्रॉटलही शेवटच्या टप्प्यात यालाच विचारतात. विमानात असे दोन होते. कॅप्टनच्या बाजूचा उतरताना मधेच गायब होत होता.

मी जमिनीवर टेस्ट घेतली, पास. पण कॅप्टनने स्पष्ट लिहिलं होतं, आणि पुढची फेरी भरलेली होती. कंट्रोलमधून फोन आला : "मॅडम, एमईएलमध्ये बसतंय ना?" बसत होतं. सी. पट्टी लावली, विमान सोडलं.

पुढे काय झालं ते मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं. दोन दिवसांनी दुसऱ्या स्टेशनवर कुणीतरी डबा बदलला, म्हणजे त्या यंत्राचा संगणक. टेस्ट पास. नोंद बंद, पट्टी काढली. चार दिवसांनी तिसऱ्या शहरात परत तेच. पुन्हा सी, पुन्हा दहा दिवस नव्याने मोजायला सुरुवात. कुणीतरी डबा रॅकमधून काढून परत बसवला, टेस्ट पास, नोंद बंद. मग पुन्हा.

आता सुतकाचं गणित बघा. प्रत्येक वेळी मुदत पाळली गेली होती. एकदाही अकरावा दिवस उजाडला नव्हता. कागदावर ते विमान सोन्यासारखं होतं. आणि एकच बिघाड घेऊन ते २३ दिवस फिरत होतं.

वारंवार येणारा स्नॅग पकडायला कंपनीत व्यवस्था नव्हती असं नाही. संगणकात नोंदी जात होत्या. पण एका वैमानिकाने लिहिलं 'रेडिओ अल्टिमीटर फॉल्ट', तो गेला बिघाडांच्या वर्गवारीतल्या प्रकरण ३४ मध्ये, नेव्हिगेशन. दुसऱ्याने लिहिलं 'उतरताना ऑटोलँडचा दर्जा घसरला', तो गेला २२ मध्ये, ऑटोफ्लाइट. तिसऱ्याने लिहिलं 'आवाज आला नाही.' एकाच पेशंटचं पोट दुखणं तीन डॉक्टरांकडे तीन नावांनी नोंदलं गेलं.

मला कळलं ते पावसामुळे. पुढे ढकललेल्या स्नॅगची वही वेगळी असते, ती कुणीतरी बे वर उघडी ठेवली होती आणि पानं एकमेकांना चिकटली होती. मला फक्त शेवटचं पान हवं होतं. नखाने हळूहळू सोडवत होते, तर मागच्या पानावर तोच स्नॅग. त्याच्या मागे तोच. वेगळं अक्षर, वेगळी शाई, वेगळ्या शहराचा शिक्का. पाच नोंदी. सर्वांत खालच्या नोंदीखाली माझी सही होती. मी डबा बदलला नव्हता, रॅकही हलवला नव्हता. मी फक्त पट्टी लावून पुढच्या विमानाकडे गेले होते, आणि विमान परत मुंबईला आल्यावर कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

त्या रात्री विमानाला पाच तास होते. मी आणि काका पोटाखाली गेलो. अँटेना म्हणजे तळहाताएवढी चपटी पाटी, कडेने सीलंट, चार स्क्रू. काकांनी सीलंट खरवडला, पाटी खाली आली, मागे केबलचा कनेक्टर. मी टॉर्च मारला. आतल्या पिनेच्या बुडाशी हिरवट थर होता, देवघरातल्या न घासलेल्या ताम्हनाला चढतो तसा. आणि पाणी, एक थेंब, कनेक्टर उलटा केल्यावर माझ्या मनगटावर पडला. जमिनीवर, कोरड्यात, विमान स्थिर असताना टेस्ट पास होणारच होती. डबा तर पहिल्यापासून निर्दोष होता.

त्यानंतर काही महिन्यांनी मी तुर्की एअरलाइन्सच्या १९५१ क्रमांकाच्या विमानाचा डच अहवाल नीट, ओळ न ओळ वाचला. २५ फेब्रुवारी २००९, इस्तंबूलहून ॲम्स्टरडॅम, बोइंग ७३७-८००. उतरत असताना डावीकडचा रेडिओ अल्टिमीटर अचानक उणे ८ फूट दाखवायला लागला. विमान तेव्हा सुमारे १९५० फुटांवर होतं. ऑटोथ्रॉटलने त्या आकड्यावर विश्वास ठेवला, आता चाकं टेकणार असं समजून इंजिनांची ताकद काढून घेतली, आणि वेग घसरत गेलेला तिन्ही वैमानिकांच्या वेळीच लक्षात आला नाही. स्किपोलच्या धावपट्टीआधीच्या शेतात विमान पडलं. १३५ पैकी ९ जण गेले. मला खिळवून ठेवलं ते त्या विमानाच्या मागच्या हिशेबाने. नोंदयंत्रातल्या १,१४३ उड्डाणांपैकी १४८ मध्ये त्या प्रणालीचे आकडे चुकलेले सापडले. वैमानिकांनी त्यातले थोडेच लिहून दिले होते. तंत्रज्ञांनी डबे बदलले, अँटेना बदलल्या, पाणी शिरू नये म्हणून गॅस्केट लावल्या. मूळ कारण शेवटपर्यंत निश्चित झालं नाही.

गॅस्केटचं वाचलं तेव्हा मी मनगट पुसलं. उगाच.

माझ्या शिफ्टला येणाऱ्या नव्या मुलांना मात्र मी दुसरी घटना सांगायचे, माद्रिदची. कारण तिथे पुस्तक उघडलं गेलं, नियमाचा क्रमांकही सापडला, आणि तरीही जे व्हायचं ते झालं.

२० ऑगस्ट २००८, स्पॅनएअरचं ५०२२, एमडी-८२, माद्रिदहून ग्रान कानारियाला निघालेलं. धावपट्टीपर्यंत गेल्यावर वैमानिकांना दिसलं की बाहेरचं तापमान मोजणारी नळी १०० अंशांच्या वर आकडा दाखवते आहे. ऑगस्टातलं माद्रिद तापतं, पण इतकं नाही. आदल्या एक-दोन दिवसांतही हीच तक्रार नोंदली गेली होती. विमान परत आणलं. या नळीला बर्फ साचू नये म्हणून एक हीटर असतो. तो फक्त हवेत चालायला हवा, जमिनीवर एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, त्याला बंद ठेवतो. इथे तो जमिनीवर चालू होता. तंत्रज्ञाने एमईएल उघडलं : हा हीटर बंद असला तरी, वाटेत बर्फाची शक्यता नसेल तर, विमान सोडायला परवानगी आहे. बर्फाची शक्यता नव्हतीच. त्याने हीटरचा सर्किट ब्रेकर ओढला, नोंद केली, विमान सोडलं.

इथे मी मुलांना थांबवायचे आणि विचारायचे, काय चुकलं? बहुतेक जण म्हणायचे, काहीच नाही. एखादीच पोरगी म्हणायची, "मॅडम, हीटर बंद कुठे होता? तो तर चालू होता." बरोबर. ती नोंद न चालणाऱ्या हीटरसाठी होती. इथला हीटर ठणठणीत होता. नको तेव्हा चालत होता, आणि तो का चालतोय हा प्रश्न ब्रेकर ओढल्यावर दिसेनासा झाला.

तो रिले एकट्या हीटरची चाकरी करत नव्हता. विमान जमिनीवर आहे की हवेत, हे तो आणखी काही प्रणालींना सांगत होता. त्यातली एक म्हणजे टेक-ऑफच्या आधी फ्लॅप्स, म्हणजे कमी वेगात विमान उचलायला मदत करणारे पंखांचे हलते भाग, उघडले नसतील तर भोंगा वाजवणारी प्रणाली. विमान हवेत आहे अशी तिची समजूत झाली, तर ती गप्प बसते. त्या दिवशी परतण्याच्या, पुन्हा निघण्याच्या, तासाभराहून जास्त उशीर झाल्याच्या धांदलीत वैमानिकांकडून फ्लॅप्स उघडायचे राहिले. आठवण करून देणारी यादी त्यांनी घाईने उरकली. भोंगा वाजला नाही. विमान उचललं गेलं आणि लगेच कोसळलं. १७२ पैकी १५४ माणसं गेली.

तपास करणारे प्रामाणिक होते. रिलेच बिघडला होता असं छातीठोकपणे सिद्ध करता आलं नाही, असं त्यांनी लिहिलं. पण दोन लक्षणांचा धागा एकाच रिलेपाशी जातो, हेही लिहिलं. मला आणखी एका गोष्टीने चीड येते. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला याच जातीचं विमान अशाच रीतीने पडलं होतं, फ्लॅप्स न उघडता, भोंगा न वाजता. त्यानंतर बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं की भोंग्याची चाचणी प्रत्येक उड्डाणाआधी घ्या. २१ वर्षांनी माद्रिदमध्ये ती दिवसातून एकदा, पहिल्या उड्डाणाआधी घेतली जात होती. बटण दाबायला किती वेळ लागतो?

'टेस्ट पास' या दोन शब्दांवर माझा राग आहे तो १९९९ च्या डिसेंबरपासूनचा. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडवरून कोरियन एअरचं एक मालवाहू ७४७ अंधारात उडालं आणि मिनिटभरात पडलं. चौघे गेले. आधीच्या फेरीच्या लोकांनी सांगून ठेवलं होतं की कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज डावा-उजवा कल नीट दाखवत नाही. जमिनीवर यंत्र उघडलं, कनेक्टरमधली एक पिन आत सरकलेली सापडली, ती नीट बसवली, यंत्रावरचं टेस्टचं बटण दाबलं. पास. फक्त ते बटण यंत्राची परीक्षा घेत होतं, त्याला माहिती पुरवणाऱ्या डब्याची नाही. दोष डब्यात होता.

कृत्रिम क्षितिज म्हटलं की पार्ल्या-वांद्र्याच्या माझ्या वयाच्या लोकांना 'सम्राट अशोक' आठवतो. १ जानेवारी १९७८ ची रात्र, एअर इंडियाचं ७४७, दुबईला निघालेलं. समुद्रावर आल्यावर कॅप्टनसमोरचं हेच यंत्र कललेल्या अवस्थेत अडकलं, तो ते खरं मानून विमान उलट बाजूला वळवत गेला, आणि वांद्र्यासमोर विमान पाण्यात गेलं. २१३ माणसं. ते यंत्र आधीपासून बिघडलेलं ठेवून उडवलं होतं असं नाही, ते हवेत बिघडलं. सहवैमानिकासमोर दुसरं होतं, मधे तिसरं होतं. काका मला बॅंडस्टँडवरून तिथला काळोख दाखवायला एकदा घेऊन गेले होते. "बघ, क्षितिज दिसतंय?" दिसत नव्हतं. भेळ खाऊन आम्ही परत आलो.

मागच्या महिन्यात नागपूरला चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. विमानात चढले, कॉकपिटचं दार उघडं. सवयीने मान वळलीच. डावीकडच्या पडद्याच्या खाली एक पिवळी पट्टी, कडा अजून करकरीत. मी कॅप्टनला नमस्कार केला, लाइनवर होते म्हणून सांगितलं. तरुण होता, हसला.

"कितवा दिवस?" मी विचारलं.

"दुसरा, मॅम. सी आहे."

"आणि याच्या आधी कधी आला होता का?"

तो थांबला. मग शेजारची वही मांडीवर घेऊन त्याने एक पान मागे उलटलं, मग आणखी एक. माझ्या मागे बॅगा घेऊन लोक खोळंबले होते, हवाईसुंदरी नजरेने सांगत होती, आजी, पुढे चला. मी १४ सी वर जाऊन बसले. पुढचं दार लागायला नेहमीपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त लागली.